राखणीतला उमेदवार

जानेवारीतला शुक्रवार, दुपारची वेळ, स्थळ निवडणूक कचेरी, रक्कम अडीचशे रुपये. हजर माणसं: माझे वडील, आई, तात्या, बबन आणि मी. विधानसभेला उभं राहायला तेव्हा एवढीच अनामत लागे. पैसे तात्यांनी बंडीच्या खिशातून काढले, पावती वडिलांच्या नावाची झाली आणि अर्जावर सूचक म्हणून सही आईनं केली. आईची सही का, तर वस्तीतल्या प्रत्येक पुरुषाला ऐन वेळी काही ना काही अडचण आली. एकाच्या मेहुण्याची बदली एका पुढाऱ्याच्या हातात होती, एकाचं पाण्याचं कनेक्शन दुसऱ्याच्या. तात्यांचं नाव यादीत भलतंच छापलेलं, टेम्पोवाल्या बबनचं अजून गावाकडच्या यादीत. शेवटी बबन म्हणाला, "नुसती सहीच तर करायचीय राव, वहिनींची घ्या. मतदार यादीत नाव हाय ना?" नाव होतं, वडिलांच्या खालीच. टेबलामागच्या कारकुनानं पावती फाडता फाडता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अर्ज मागे घ्यायचा असला तर सोमवारी दुपारी तीनच्या आत. उमेदवारानं स्वतः यायचं, नाहीतर त्यानं लिहून द्यायचं आणि सूचकानं आणून द्यायचं." तात्या हसले. "मागं कोण घेतंय साहेब? ते कागद ठेवा तुमच्याकडं." कारकुनानं तो कोरा नमुना बाकीच्या कागदांबरोबर आमच्याच हातात दिला. आईनं सगळ्याची घडी करून पिशवीत ठेवली.

आमचं घर दिघीत, लष्कराच्या हद्दीला लागून. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे ओटा. हद्दीच्या तारेपलीकडे गोळीबाराचा सराव चाले. दुपारी भांडी घासताना त्याचे आवाज येत आणि नवा पाहुणा दचकला की आम्हा पोरींना हसू येई. तारेपासून ठरावीक अंतरापर्यंत बांधकामाला बंदी होती. आमची सगळी वस्ती त्या अंतराच्या आत. अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरकडून कंपनीच्या कामाला आले आणि स्वस्त मिळाली म्हणून जागा घेतली. स्वस्त का आहे हे घर बांधून झाल्यावर कळलं. घर नावावर होत नव्हतं, त्याच्यावर कर्ज मिळत नव्हतं आणि विकायला काढलं तर घेणारा आमच्यासारखाच कोणी तरी फसलेला हवा. आज मी पन्नाशीला आलेय, चाकणच्या एका कारखान्याचे हिशेब सांभाळते, आणि राहते त्याच घरात. ओटा आता फरशीचा आहे. बाकी कागदोपत्री जिथं होतो तिथंच आहोत.

मतदारसंघ तेव्हा अवाढव्य होता. एका टोकाला कारखाने, दुसऱ्या टोकाला उसाची शेतं, मध्ये आमच्यासारख्या वस्त्या. पुढे त्याचे तुकडे झाले, नावं बदलली. वर्तमानपत्रात त्याचा इतिहास कोण किती मतांनी आलं असा छापून येई. आई तो वस्तूंवर सांगायची. एका निवडणुकीला हातपंप आला. त्यानंतरच्या निवडणुकीला विजेचे खांब, तारा नंतर. त्याच्यापुढच्या वेळी मुरूम, तोही आदल्या आठवड्यात टाकलेला आणि पहिल्याच वळवात वाहून गेलेला. बंदीची रेषा मागे नेऊ, घरं नावावर करू, हे मात्र प्रत्येक वेळी प्रत्येकानं सांगितलेलं. मागच्या खेपेला वस्तीनं चिडून स्वतःचा माणूस उभा केला होता. अर्ज मागे घेण्याच्या दिवशी तो सकाळी दाढीला म्हणून गेला आणि संध्याकाळी नव्या स्कूटरवरून आला. महिन्याभरात बिऱ्हाड हलवून थेरगावला गेला. त्याचं नाव निघालं की तात्या अजून थुंकत.

तात्या मूळचे गावातले. त्यांची उरलीसुरली जमीनही बंदीच्या पट्ट्यात अडकली होती; भाऊबंदांच्या जमिनींवर इमारती उभ्या राहत होत्या आणि तात्या तिथं ज्वारी पेरत होते. म्हणून ते आमच्यातले झाले. मारुतीच्या देवळापुढे सभा भरली तेव्हा त्यांनीच अण्णांचं नाव घेतलं. "शंकर बोलत न्हाई, पीत न्हाई, कुणाच्या अध्यात न्हाई आन मध्यात न्हाई. ह्यो इकला जायचा न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांना नाही म्हणता आलं नाही. त्यांना कधीच येत नसे. कंपनीत दुसऱ्याचा ओव्हरटाइम त्यांच्या गळ्यात पडे तो ह्याच गुणामुळे.

कचेरीतून घरी आलो आणि राखण सुरू झाली. तात्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली, बबन आपला टेम्पो दारासमोर आडवा लावून मोकळा झाला. "सोमवारी तीन वाजेस्तोवर शंकर घरातच ऱ्हाईल," तात्यांनी जाहीर केलं. अण्णा म्हणाले, "तात्या, उद्या मला फर्स्ट शिफ्ट आहे." "रजा टाक की. आमदार व्हायचंय का हेल्पर?" सगळे हसले. अण्णाही थोडे हसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे खरंच आहे.

शनिवारी सकाळी सात वाजता कंपनीचा भोंगा झाला तेव्हा अण्णा अंघोळ करून, निळा शर्ट घालून पलंगावर बसले होते. सवयीनं तयार झाले होते. भोंगा थांबला तसा त्यांनी शर्ट काढून घडी केली. त्या दिवसापासून आमच्या घराला दार असं राहिलंच नाही. ओट्यावर माणसं, खिडकीशी माणसं, मागच्या बाजूला पत्र्याची एक शीट सैल होती तिथं बबननं खिळे ठोकले. सार्वजनिक संडास गल्लीच्या टोकाला; अण्णा डबा घेऊन निघाले की दोघं बरोबर जात आणि बाहेर उभे राहून बोलत, म्हणजे आतल्या माणसाला कळावं की ते आहेत. कोणी वाईट वागत नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते. सगळे प्रेमानं वागत होते. एक जण अण्णांचे पाय दाबून द्यायला निघाला. आई मात्र सकाळपासून चुलीपुढून उठली नव्हती. राखणदारांना चहा, मग पिठलं-भाकरी, मग पुन्हा चहा. दुपारी परातीत पीठ मळताना ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आमच्याच पिठाच्या भाकरी खाऊन आम्हालाच राखायलेत बघ."

संध्याकाळी एक पांढरी जीप आली. कडक इस्त्रीतला एक माणूस उतरला आणि "शंकरराव आहेत का, दोन मिनिटं काम होतं" म्हणाला. तात्या ओट्यावरून उठले सुद्धा नाहीत. "हायेत. झोपल्यात. सोमवारी तीनला उठत्याल." जीप गेली. वस्तीत त्याची इतकी चर्चा झाली की रविवारी राखणीला माणसं वाढली. अण्णांनी तो माणूस पाहिलाही नव्हता.

खरा निरोप आणला तो अण्णांच्या लाइनवरच्या वसंतानं. रविवारी तो सायकलवरून आला, पण ओट्यावरची गर्दी बघून पुढे गेलाच नाही; नळावर पाणी भरणाऱ्या आईला गाठलं. मी हंडा लावून शेजारीच उभी होते. "वहिनी, उमेदवारांची यादी सुपरवायझरनं पेपरात वाचली. मंगळवारी सकाळी कायमची पत्रं वाटणारेत. शंकरचं तयार आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण साहेब म्हणाले, इलेक्शनला उभा राहिलेला माणूस कंपनीला नको. त्याचं नाव यादीतून निघालेलं दिसलं तर पत्र, नाहीतर ब्रेक." ब्रेक म्हणजे काय हे आम्हाला कोणी सांगायला नको होतं. टेंपररी कामगाराला ठरावीक महिन्यांनी घरी बसवत आणि पुन्हा नव्यानं घेत, किंवा घेत नसत. अण्णांचं असं सहा वर्षं चाललं होतं. ब्रेकच्या दिवसांत आमच्या घरी भाजीची मेथी जुडीनं न येता दांड्यांसकट मूठभर येई. मी तेव्हा अकरावी कॉमर्सला होते. पुढचं वर्ष शिकायचं की नाही हे त्या पत्रावर होतं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नसे.

आईनं निरोप अण्णांना सांगितला. अण्णांनी हिंमत करून तात्यांना आत बोलावलं. मी कांदा चिरत बसले होते, म्हणून जसंच्या तसं आठवतं. "तात्या, मला मोकळं करा. दुसरा कोणी बघा." "दुसरा आता कसा बघू? अर्जाची मुदत गेली." "माझं कायमचं पत्र आहे हो." तात्या त्यांच्याजवळ खाली बसले, गुडघ्यावर हात ठेवला. "शंकर, माझं वय झालं. माझा बाप त्या रानाच्या कागदासाठी चकरा मारून मेला. तुला धा-पाच हजार मतं पडली तर ती माणसं आपल्या दारात येत्याल. न्हाई पडली तर आपून आहेच. पत्राचं काय घिऊन बसलास? पत्र आज न्हाई तर उद्या." मग बाहेर जाता जाता ओट्यावरच्यांना म्हणाले, "जीपवाल्यानं काय तरी निरोप धाडलेला दिसतोय. ध्यान ठिवा रं." त्यानंतर संडासाला जाताना बरोबर चौघं जाऊ लागले.

एक गोष्ट मला नंतर बऱ्याच वर्षांनी जाणवली. अण्णांना ते सगळं थोडंसं आवडूही लागलं होतं. रविवारी दुपारी बबनच्या बायकोनं त्यांना ओवाळलं. पोरं खिडकीतून "आमदार साहेब" म्हणून पळत. जेवण झाल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि पुटपुटत होते, "बंधू आणि भगिनींनो, मी आपल्यातलाच एक." मी बघतेय असं दिसल्यावर गप्प झाले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या बोलण्याची कोणी वाट बघत होतं.

सोमवारी सकाळी आईनं कोऱ्या नमुन्याचा कागद परातीखाली ठेवला आणि अण्णांना हाक मारली, "जरा चूल फुंका हो, धूर झालाय." अण्णा खाली बसले. ओट्यावर तात्यांचा आवाज येत होता, उसाच्या भावावर बोलत होते. आईनं परात बाजूला केली, पेन पुढे केलं. अण्णांनी कागद वाचला. "मी बाहेर कसा जाऊ?" "तुम्ही कशाला जायलाव? सूचक मी हाय. तो साहेब बोलला ते ऐकलं न्हाई का?" अण्णांनी पेन हातात घेतलं. "तात्याला काय तोंड दाखवू?" "हेच." "लोक म्हणतील पैसे घेतले." आईनं पीठ मळायचं थांबवलं. "म्हणतील. जल्मभर म्हणतील. तुम्ही सांगा, करू का नको? तुम्ही नको म्हणलाव तर कागद चुलीत घालते, आन परत ह्या घरात पत्राचं नाव काढणार न्हाई." तिनं खरंच कागद हातात घेतला होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी सही केली, खाली आईनं कागद आणून द्यावा असं तिच्या नावानं लिहून दिलं, आणि खोकत खोकत चूल फुंकायला लागले.

आईनं रॉकेलचा कॅन काढला, रेशनकार्ड हातात सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि मला म्हणाली, "चल गं सुमे, रांगेला नंबर धर." रॉकेलच्या रांगेत अर्धा दिवस जातो हे ओट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तात्यांनी पाय आखडून आम्हाला वाट दिली. बबन म्हणाला, "वहिनी, आमच्या कार्डावरचं बी आणता का?" "एका हातानं किती आणू भाऊ?" आई म्हणाली. आम्ही गल्ली ओलांडली, रेशनच्या दुकानासमोरून गेलो, थांबलो नाही, आणि स्टॉपवर पुण्याची बस धरली. बसमध्ये आईनं दोघींची तिकिटं काढली. कॅन मांडीवर धरून बसली होती, तान्हं मूल धरावं तशी.

कचेरीच्या फाटकावर हवालदारानं आम्हाला अडवलं. कॅन बघून त्याचा चेहरा बदलला. त्या काळात आत्मदहनाच्या धमक्या बऱ्याच होत. "ओ बाई, रॉकेल घेऊन कुठं चाललात?" आईनं कॅन उलटा करून दाखवला. "रिकामा हाय." "रिकामा घेऊन मग कशाला आलात?" "भरायला निघालो होतो, वाटेत हे काम काढलं." त्यानं कॅनचं झाकण उघडून वास घेतला आणि तो आपल्या खुर्चीखाली ठेवून घेतला. आत तोच शुक्रवारचा कारकून होता. त्यानं आईची सही जुन्या सहीशी ताडून पाहिली, आतल्या साहेबांना दाखवली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "यजमान का नाही आले?" "त्यांना सोडत न्हाईत." "कोण सोडत नाही?" तक्रार केली असती तर पोलीस आले असते. "माणसं लई आल्यात घरी," ती म्हणाली. कारकुनानं आवाज खाली आणला, "बाई, कोणी काही दिलंय का?" "बसचं तिकीट आमचं आम्ही काढलं," आई म्हणाली. साहेबांनी सही केली, पोच दिली. झालं. एवढी तीन दिवसांची राखण मोडायला तेवढाच वेळ लागला.

हवालदाराकडून कॅन घेऊन निघालो. परतीच्या बसमधून विश्रांतवाडीच्या चौकात आम्हाला समोरून बबन दिसला. मोटरसायकलवर, मानेभोवती मफलर, चिन्ह घ्यायला कचेरीकडे निघालेला. वस्तीनं शिलाई मशीन मागायचं ठरवलं होतं. आईनं पदर पुढे ओढला. बबन आमच्या खिडकीजवळून गेला.

गल्लीत शिरलो तेव्हा फटाके वाजत होते. तीन वाजून गेले होते. उमेदवार निसटला नव्हता. तात्यांनी पेढे मागवले होते, अण्णांच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि ते आपल्याच ओट्यावर खुर्चीत बसले होते. आयुष्यात मी त्यांच्याइतका अडकलेला माणूस पाहिला नाही. हार काढावा तर का काढला विचारतील, ठेवावा तर कशाला ठेवला विचारतील. त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं मान किंचित हलवली. तात्यांचं लक्ष कॅनकडे गेलं. "मिळालं न्हाई व्हय, वहिनी?" "संपलं होतं," आई म्हणाली. "बघा, ह्यासाठी आपला आमदार पायजे!" तात्या म्हणाले आणि त्यांनी पेढा अण्णांच्या तोंडात घातला. अण्णांनी तो गिळला. मी पाहिलं, चावला नाही.

बबन दिवेलागणीला आला. मोटरसायकल उभी करायचीही त्याला शुद्ध नव्हती. "नावच न्हाई यादीत. अर्ज मागं घेतलाय म्हणत्यात." अण्णा काही बोलायला उठले. तात्यांनी हात वर केला. ते ओरडले नाहीत. घराला वळसा घालून मागे गेले, पत्र्याचे खिळे एकेक हलवून पाहिले, परत आले. "कुठनं निसटलास?" अण्णा म्हणाले, "तात्या, मी घरातच होतो." "व्हय. आन किती घेतलं?" आई पुढे झाली तशी अण्णांनी तिला डोळ्यांनी दटावलं. बाईनं केलं असं कळलं असतं तर वस्तीनं तिला नळावर उभं केलं नसतं. सतरंजी गुंडाळून माणसं निघून गेली. ओटा किती मोठा होता ते त्या दिवशी दिसलं.

मंगळवारी अण्णांना पत्र मिळालं. मी शिकले. घरात मेथी जुडीनं येऊ लागली. पण वस्तीत आम्ही एकटे पडलो. हळदीकुंकवाला आईला बोलावणं नाही, गणपतीच्या वर्गणीला पोरं आमचं दार सोडून जात. सोडून कुठं जायचं म्हटलं तर घर विकता येत नव्हतं. ज्या बंदीच्या विरोधात अण्णांना उभं केलं, त्याच बंदीनं आम्हाला त्याच माणसांत डांबून ठेवलं. अण्णांनी किती घेतले याचा आकडा मात्र वाढत गेला. माझ्या लग्नात तो स्कूटरएवढा होता, चाकणला कारखाने आल्यावर तिथल्या प्लॉटएवढा झाला, माण गावात आयटीवाले पोचले तेव्हा फ्लॅटवर गेला. जमिनीचा भाव चढला की अण्णांचाही चढे. निवडून कोणीही येवो, वस्तीची मतं तिकडे वळतील तिकडे वळोत, दर निवडणुकीला आमच्या ओट्यासमोर कोणी ना कोणी खाकरून जाई. अण्णा रिटायर झाले, पेन्शन थोडी होती ती घेतली, आणि सात वर्षांपूर्वी गेले. तात्या मातीला आले होते. लांब उभे होते.

अनामत निकालानंतर परत मिळाली होती. मागे घेतलेल्या अर्जाची मिळते. अण्णांनी कचेरीत जाऊन आणली आणि तशीच तात्यांच्या दारात नेली. तात्या उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "ठेव तुझ्याकडंच. तुला सुट्टे लागत्याल." दोन शंभराच्या, एक पन्नासाची. आईनं त्या हळदीच्या डब्यामागे ठेवल्या. नोटाबंदीत मी घाबरून पाहायला गेले, तर त्या नेमक्या चालणाऱ्या निघाल्या.

मागच्या विधानसभेच्या वेळी मतदान चिठ्ठ्या वाटणारी पोरं येऊन गेली आणि मागोमाग काठी टेकत तात्या आले. ओट्यावर बसले, कोणी बसा म्हणायच्या आत. आई लसूण सोलत होती. "वहिनी, माझं काय खरं न्हाई आता," ते म्हणाले. "एक इचारतो. आता शंकर बी न्हाई. त्या दिशी निसटला कुठनं?"

आई लसूण सोलतच म्हणाली, "ते निसटले न्हाईत तात्या. मी गेले. सूचक मी होते. तुम्ही पाय आखडून वाट दिली की मला."

तात्यांनी काठीची मूठ चोळली. "रॉकेलच्या कॅनात?"

"कॅन रिकामाच होता."

"आन आमी मागं खिळं मारत बसलो," तात्या म्हणाले. त्यांचे खांदे हलले. हसतात की काय ते मला कळेना. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो विचारायला ते खरे आले होते. "घेतलं किती?"

आई उठली, आत गेली आणि हळदीच्या डब्यामागचं पाकीट घेऊन आली. "हेवढंच. तुमचंच हाय."

तात्यांनी नोटा उलटसुलट करून पाहिल्या. हळदीनं कडा पिवळ्या झाल्या होत्या. घेतील की नाही मला खात्री नव्हती. त्यांनी त्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या, वरून हात फिरवला आणि अण्णांच्या फोटोकडे बघत म्हणाले, "पत्र मिळालं व्हतं ना त्याला?" "मिळालं," मी म्हणाले. "मग बरं झालं," ते म्हणाले, आणि आईनं चहा ठेवेपर्यंत बसून राहिले.

दिले: अडीचशे रुपये. कोणाला: तात्यांना. हजर: आई, मी.